वर फेकलेल्या दगडात जोर कुणाचा? समजुती उघड्या करणारे प्रश्न वर्गात कसे विचारावेत

नववीच्या वर्गात मी कितीतरी वर्षं एकच गणित घालत आलो. दगड सरळ वर फेकला, सुरुवातीचा वेग सेकंदाला २० मीटर, गुरुत्वत्वरण १० धरा, दगड किती उंच जाईल? सूत्र लिहायचं, किमती भरायच्या, उत्तर २० मीटर. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत हे गणित बहुतेक मुलांना येतं. एका वर्षी पेपर वाटताना, पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या मुलीच्या हातात मी सहज खडू दिला. म्हटलं, दगड हातातून सुटलाय आणि अर्ध्या वाटेवर वर चाललाय, तेव्हा त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत ती बाणांनी दाखव.

तिनं खालच्या दिशेला एक लहान बाण काढला, गुरुत्वाचा. मग वरच्या दिशेला एक मोठा बाण. तो कसला, विचारल्यावर म्हणाली, "हाताचा जोर, सर. वर जाऊलाय म्हटल्यावर वरचा जोर जास्तच असणार की ओ." अगदी टोकाला काय? तिथं तिनं दोन्ही बाण सारखे काढले. खाली येताना? वरचा बाण संपला. अख्ख्या वर्गाच्या माना होकारार्थी हलत होत्या.

तिचं गणित बरोबर होतं आणि चित्र चूक होतं. पण चित्रात कुठंही गोंधळ नव्हता, तिन्ही जागी तिचा विचार एकाच नियमानं चालला होता. मी मात्र घाई केली. "हात सुटला की हाताचं बल संपतं, मग उरतं फक्त गुरुत्वबल, लिहून घ्या," असं सांगून मोकळा झालो. मुलांनी लिहून घेतलं. पुढच्या चाचणीत तोच मोठा बाण जवळपास प्रत्येक वहीत परत आला. तेव्हापासून मी प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. ती टप्प्याटप्प्यानं इथं मांडतो आहे. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर अशा आपल्या भागात विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना ती जशीच्या तशी वापरता येईल. फक्त उदाहरणं आपापल्या गावची घ्या.

आधी एवढं माहीत असावं

हा अनुभव फक्त आपल्या शाळांचा नाही. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची चाचणी प्रसिद्ध केली. न्यूटनच्या यांत्रिकीवरची ही चाचणी, पण आकडेमोड एकही नाही. पर्याय द्यायचे आणि एक निवडायचा. तिचं खरं बळ चुकीच्या पर्यायांत आहे, कारण विद्यार्थी मनापासून जी उत्तरं देतात त्यांतूनच ते घडवलेले आहेत. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं की उत्तर तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे? माझ्या मते हा प्रश्न प्रत्येक विज्ञान शिक्षकानं टेबलाच्या काचेखाली लावून ठेवावा असा आहे. मुलांच्या डोक्यात दोन कप्पे असतात, एक परीक्षेचा आणि एक जगण्याचा. गणितं सोडवून घेताना आपण पहिलाच कप्पा भरत राहतो.

पुढे १९९८ साली रिचर्ड हेक यांनी ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांतले गुण एकत्र मांडले. शिकवण्याआधी जेवढं कळायचं बाकी होतं, त्यातलं निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के भरून निघालं. मुलांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत ते सरासरी ४८ टक्के होतं.

आणि मुलीचा तो मोठा बाण? चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदान यांनी जवळपास तोच मांडला होता: फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरतो आणि ती वस्तूला पुढे नेते. आपल्या वैशेषिक दर्शनातही 'वेग' हा एक संस्कार मानला आहे, तो वस्तूत राहतो आणि तिला चालतं ठेवतो. थोर माणसं ज्या वाटेनं गेली, त्याच वाटेवर चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या बुद्धीनं पोचली होती. म्हणून मुलांसमोर मी 'गैरसमज' हा शब्द वापरत नाही. 'तुमची समजूत' म्हणतो.

पहिला टप्पा: शिकवण्याआधी चिठ्ठ्या

धडा सुरू करण्याच्या आठवडाभर आधी एक उघडा प्रश्न द्या. पर्याय नकोत, सूत्र नको, आकडा नको. वहीच्या पानाचे चार तुकडे करून वाटा. नाव लिहायचं नाही, गुण नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगा. खाली दोनच ओळी: 'मला वाटतं' आणि 'कारण'. दुसरी ओळ रिकामी राहिलेली चिठ्ठी परत द्या आणि 'कारण काहीही चालेल' म्हणा.

या चिठ्ठ्या बाकावर पसरून त्यांचे ढीग लावा. पन्नास मुलांच्या वर्गात तीन किंवा चारच ढीग होतात असं मला दर वेळी दिसलं आहे. पन्नास वेगवेगळी उत्तरं कधी येत नाहीत. हे ढीग म्हणजेच तुमच्या प्रश्नाचे पर्याय. मुलांचे शब्द सुधारू नका, 'जोर' लिहिलं असेल तर जोरच ठेवा.

दुसरा टप्पा: प्रश्न घडवणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. चांगल्या प्रश्नात एकच संकल्पना असते, प्रसंग मुलांच्या डोळ्यांसमोरचा असतो, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे कुणाची तरी खरी समजूत उभी असते. 'वरीलपैकी नाही' हा पर्याय कधी घालू नका. त्यामागे कुणीच उभं नसतं, त्यामुळे तो निवडणाऱ्याबद्दल काही कळत नाही.

आपल्याकडे गळीत हंगामात रस्त्यावर दिसणारं दृश्य घ्या.

उसानं भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर वेग वाढवत चालला आहे. त्या वेळी,
अ) ट्रॅक्टर ट्रॉलीला जास्त बलानं ओढतो, ट्रॉली ट्रॅक्टरला कमी बलानं मागे ओढते.
आ) दोघं एकमेकांना सारख्याच बलानं ओढतात.
इ) ट्रॉली जड आहे, म्हणून तीच ट्रॅक्टरला जास्त ओढते.
ई) ट्रॉली ओढत नाही, ती नुसती मागून येते.

न्यूटनचा तिसरा नियम ज्यांना तोंडपाठ आहे अशी मुलंसुद्धा इथं 'अ' निवडतात. 'दोन्ही सारखे ओढतील तर पुढे जाणार कसं ओ?' हा त्यांचा खरा आक्षेप असतो, आणि तो अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर तिसऱ्या नियमात नाही. ते मिळतं एका वेळी एकाच वस्तूकडे पाहिल्यावर. फक्त ट्रॉली पाहा: पुढे ट्रॅक्टरची ओढ, मागे रस्त्याचा विरोध, ओढ जास्त, म्हणून तिचा वेग वाढतो. आता फक्त ट्रॅक्टर पाहा: मागे ट्रॉलीची ओढ, पुढे रस्ता टायरांना ढकलतो आहे, आणि रस्त्याचं ढकलणं जास्त. एकमेकांची ओढ सारखीच असते, पण ती दोन वेगळ्या वस्तूंवर असते. ती बेरीज-वजाबाकी करून संपवता येत नाही.

प्रश्नात वेग 'वाढवत' हा शब्द मी मुद्दाम घातला. 'एकसमान वेगानं' म्हटलं असतं तर काही मुलं 'वेग बदलत नाही म्हणजे सगळं सारखंच' असं म्हणून बरोबर पर्यायावर पोचली असती, आणि तिसरा नियम कळलाय की नाही ते झाकलेलंच राहिलं असतं. प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचारा: चुकीचा विचार करूनही बरोबर पर्याय मिळू शकतो का? मिळत असेल तर प्रश्न बदला.

याचंच दुसरं उदाहरण. मोठा आणि लहान दगड एकाच उंचीवरून एकदम सोडले. 'दोन्ही एकाच वेळी पडतात' असं मुलं झटकन सांगतात, कारण हे पुस्तकात आहे. कारण विचारा. 'कारण गुरुत्वबल दोघांवर सारखंच असतं' असं उत्तर हमखास येतं. उत्तर बरोबर, कारण साफ चूक. मोठ्या दगडावरचं गुरुत्वबल जास्तच असतं, पण त्याचं वस्तुमानही त्याच प्रमाणात जास्त, म्हणून त्वरण सारखं येतं. असे प्रश्न दोन मजली करा: वर उत्तराचे पर्याय, खाली कारणाचे. दोन्ही बरोबर असतील तरच कळलं असं धरा.

शब्दांकडे लक्ष

सीमाभागातल्या वर्गात ही बाब फार मोठी आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

मराठीत 'गाडी जोरात चालली' म्हणजे वेगात चालली, आणि 'जोर लाव' म्हणजे बल लाव. एकाच शब्दात वेग आणि बल दोन्ही आहेत. मूल जेव्हा म्हणतं की वर जाणाऱ्या दगडात जोर आहे, तेव्हा त्याचं बोलणं अर्धं खरंही असतं. दगडात वेग आहे, संवेग आहे, गतिज ऊर्जा आहे. नाही ते फक्त वरच्या दिशेचं बल. म्हणून 'जोर नसतो' असं म्हणून मुलाला तोडू नका. विचारा, 'कुठला जोर? कोण लावतंय? आत्ता त्याला कोण शिवतंय?' दगडाला शिवणारं हवेशिवाय कुणी नाही हे त्याच्या तोंडून येऊ द्या.

पुढे कन्नडचा पदर येतो. आपण शक्ती म्हणतो ती दर सेकंदाला होणाऱ्या कार्याला. कन्नड पुस्तकात 'शक्ती' म्हणजे ऊर्जा, आणि आपल्या शक्तीला तिथं 'सामर्थ्य' म्हणतात. वस्तुमानाला कन्नडमध्ये 'राशी' किंवा 'द्रव्यराशी', तर आपल्याकडे अदिश राशी, सदिश राशी यांतली राशी म्हणजे मोजता येणारी कुठलीही गोष्ट. शेजारचा मित्र कन्नड शाळेत, शिकवणीचे सर दोन्ही भाषांत बोलणारे, आणि दहावीनंतर विज्ञान शाखेत सगळं इंग्रजीत. अशा मुलानं 'शक्ती' लिहिलं तर त्याला कुठली शक्ती म्हणायची आहे ते विचारल्याशिवाय चूक धरू नये. मी वर्गाच्या भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता लावला आहे: मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही देवनागरीत. नवा शब्द सापडला की मुलंच त्यात भर घालतात.

आणि 'करंट'. आपल्याकडे वीज जाते तेव्हा 'करंट गेला', फ्रिज 'करंट खातो', शेतात मोटारीला 'रात्रीचा करंट' असतो. जी वस्तू खाल्ली जाते ती वाटेत कमी होणारच. त्यामुळे एका सेलला दोन सारखे बल्ब एकसरीत जोडले की, पहिल्या बल्बमधून जास्त विद्युतधारा जाते, दुसऱ्याला उरलेली मिळते, असं पुष्कळ मुलांना वाटतं. खर्च होते ती ऊर्जा. धारा जेवढी आत शिरते तेवढीच बाहेर पडते. हा फरक नुसत्या व्याख्येनं कळत नाही, त्यासाठी पुढचे टप्पे लागतात.

तिसरा टप्पा: मत घेणं

प्रश्न फळ्यावर लिहा, दीड मिनिट पूर्ण शांतता. कुणाशी बोलायचं नाही, वहीत एक अक्षर लिहायचं. मग 'दाखवा' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम छातीशी हात धरून बोटं दाखवायची, अ साठी एक, आ साठी दोन. हात वर उंचावले की मागची मुलं हुशार मुलाचा हात बघून आपलं बदलतात. छातीशी धरलेला हात फक्त तुम्हाला दिसतो.

आकडे मनात मोजा, फळ्यावर लिहू नका. बहुमत दिसलं की चर्चा संपते. तुमचा चेहराही सांभाळा, मुलं उत्तर तिथंच वाचतात. मी तर मोजताना फळ्याजवळून उठून वर्गाच्या मागे जाऊन उभा राहायचो, पण मग बोटं दिसेनात. शेवटी पुढेच उभं राहून सगळ्या आकड्यांना सारखंच 'बरं' म्हणायची सवय लावून घेतली.

मझूर यांचा अंदाज इथं उपयोगी पडतो. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर मुलांना आपसात बोलू द्या. ३० पेक्षा कमी असतील तर प्रश्न अजून पिकलेला नाही, थोडं शिकवून पुन्हा विचारा. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यांत उलगडून पुढे जा.

चौथा टप्पा: मुलांची आपसातली चर्चा

'ज्याचं उत्तर वेगळं आहे असा जोडीदार शोधा आणि त्याला पटवा.' एवढीच सूचना, तीन मिनिटं. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू, ज्या भाषेत मूल घरी भांडतं त्या भाषेत बोलू द्या. प्रमाण मराठीचा आग्रह या तीन मिनिटांत धरला तर निम्मी मुलं गप्प होतात.

तुम्ही फिरा आणि ऐका. कुणालाही दुरुस्त करू नका. ऐकलेलं एखादं वाक्य वहीत टिपा, पुढच्या वर्षी तोच पर्याय होईल. नंतर पुन्हा मत घ्या. बरोबर उत्तर सांगण्याआधी प्रत्येक पर्यायाच्या बाजूनं एकाला बोलायला लावा, चुकीच्या पर्यायाची बाजू आधी.

पाचवा टप्पा: करून बघणं

आता प्रयोग. त्याआधी प्रत्येकानं अंदाज लिहिलेला असलाच पाहिजे. न लिहिलेला अंदाज प्रयोगानंतर गुपचूप बदलतो.

ट्रॉलीच्या प्रश्नासाठी दोन ताणकाटे एकमेकांच्या हुकात अडकवा. एका टोकाला वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा, दुसऱ्याला सगळ्यात किरकोळ. मोठा लहानाला ओढत नेत असतानाही दोन्ही काट्यांवर सारखाच आकडा येतो. शाळेतले ताणकाटे जुने असतात, तेव्हा आधी दोन्हींचा काटा शून्यावर आहे का बघा. मग एकच पिशवी आलटून पालटून दोन्हींना लटकवा आणि आकडे जुळतात याची मुलांसमोर खात्री करा. नाहीतर 'काटाच खराब असेल' म्हणून समजूत सुटून जाते.

बल्बच्या प्रयोगानं एकदा माझी फजिती केली. एकाच दुकानातून आणलेले दोन टॉर्चचे बल्ब एकसरीत जोडले, आणि एक स्पष्ट जास्त उजळ पेटला. मुलं ओरडली, 'बघा, पहिल्याला जास्त करंट!' मी गांगरलो. मग सुचलं, बल्बांच्या जागा बदलल्या. जास्त उजळ बल्ब दुसऱ्या जागी गेला तरी उजळच राहिला. म्हणजे फरक जागेचा नव्हता, बल्बचा होता. आता मी जागा बदलण्याचा भाग मुद्दामच करतो. तोच प्रयोगातला सगळ्यात बोलका क्षण असतो. सेल मात्र नवे वापरा. बल्ब समांतर जोडता तेव्हा जुना सेल जास्त धारा द्यायला कमी पडतो, पहिला बल्बही मंदावतो, आणि मुलं भलताच धडा घेऊन घरी जातात.

डिसेंबरच्या थंडीत पितळी तांब्या आणि लाकडी पाट रात्रभर वर्गात ठेवून सकाळी 'कोण जास्त थंड?' हेही विचारून बघा. हात सांगतो तांब्या, तापमापी दोघांचं तापमान सारखंच दाखवते. धातू हातातली उष्णता लवकर ओढून घेतो, एवढाच फरक.

एका प्रश्नाच्या या सगळ्याला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. आठवड्याला दोन प्रश्न घेतले तर पोर्शन मागे पडत नाही, कारण नंतर तोच धडा दोनदा शिकवावा लागत नाही.

सहावा टप्पा: तीन आठवड्यांनी, वेगळ्या कपड्यात

समजूत एका तासात जात नाही. प्रयोगानंतर पटलेली मुलंही महिनाभरात जुन्या वाटेला लागतात. म्हणून तीच संकल्पना वेगळ्या प्रसंगात विचारा, आणि आधी सांगू नका की हा जुनाच प्रश्न आहे. ट्रॉलीनंतर मी जत्रेतली कुस्ती घेतो: ९० किलोचा पैलवान ६० किलोच्या पैलवानाला रेटत मागे नेतो आहे, तर कुणाच्या छातीवर जास्त बल?

या उत्तरांना गुण देऊ नका. एका वहीत प्रश्नामागे एक पान करा: तारीख, कोणत्या पर्यायाला किती, चर्चेनंतर किती, तीन आठवड्यांनी किती. वर्ग बरोबर की चूक यापेक्षा, चुकलेली मुलं एकाच पर्यायावर गोळा झाली आहेत की विखुरली आहेत, ते पाहा. गोळा झाली असतील तर तिथं समजूत आहे, आणि तिच्यावर काम करता येतं. विखुरली असतील तर बहुधा प्रश्नच नीट लिहिलेला नाही.

गेल्या वेळी कुस्तीचा प्रश्न घेतला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलानं दोन सारखे बाण काढले. मग पेन्सिल तशीच धरून बसला. जवळ गेलो तर म्हणाला, "सर, बल सारखंच असलं, आणि पाय रोवण्यावर सगळं असलं, तर माती ओली असताना मोठासुद्धा मागे सरकंल काय ओ?" त्याचं वाक्य जसंच्या तसं पुढच्या आठवड्याच्या चिठ्ठ्यांवर आलं.